वाघमारे सिस्टरांचा काटेरी पाम

आडनाव वाघमारे, आणि पाल दिसली की खुर्चीवर चढायच्या. हा विनोद आमच्या सोसायटीत प्रत्येकाने एकदा तरी केला होता, आणि सगळ्यांच्या आधी तो त्यांनी स्वतःच केला होता. आम्ही चऱ्होलीला राहायला गेलो तो दिवस मला आठवतो. टेम्पोतून सामान उतरत होतं, तेवढ्यात शेजारच्या रो-हाऊसची खिडकी बोटभर उघडली आणि आतून आवाज आला, "कोण तुम्ही?"

मी नाव सांगितलं.

"कुठून आलात?"

आकुर्डीहून, म्हटलं. तिथल्याच एका कॉलेजात गणित शिकवते.

"टेम्पोवाल्याला आधीपासून ओळखता?"

ओळखत नव्हते.

"मग तो जाईपर्यंत दागिन्यांची पिशवी खांद्यालाच असू द्या."

खिडकी बंद झाली. टेम्पो गेल्यावर मात्र दार उघडून त्या बाहेर आल्या. साठीच्या, ठेंगण्या, कडक इस्त्रीची सुती साडी, हातात चहाचा थर्मास. गळ्यात काळ्या दोरीत ओवलेली एक शिट्टी होती, शाळेतल्या पी.टी.च्या सरांकडे असते तशी. "मी वाघमारे. रिटायर झाले तरी सगळे सिस्टरच म्हणतात. पालीला घाबरते, हे आधीच सांगून ठेवते. नंतर कळून हसण्यापेक्षा आत्ताच हसून घ्या."

सिस्टरांची सगळी नोकरी कामगारांच्या एका रुग्णालयात झाली, आणि त्यातली बरीचशी कॅज्युअल्टीत. मिस्टर आकुर्डीला दुचाकीच्या कारखान्यात होते. ते गेल्यावर आणि एकुलत्या एका मुलीचं लग्न झाल्यावर त्या या घरात एकट्या राहत होत्या. ओळीतलं शेवटचं घर. मागे कमरेएवढी भिंत, भिंतीपलीकडे तात्यांचा मळा आणि त्याच्याही पलीकडे इंद्रायणी. तात्या म्हणजे गावातले जुने शेतकरी. आजूबाजूचं सगळं विकलं गेलं तरी त्यांनी एवढा तुकडा राखला होता.

सिस्टर गॅसला भीत, कुकरला भीत, लिफ्टला, चाकणच्या रस्त्यावरच्या ट्रेलरना, डिलिव्हरीच्या पोरांना. पार्सल त्या खिडकीच्या गजांतून घेत. बाहेर पडताना कुलूप ओढून बघत, चार पावलं गेल्यावर परत येऊन पुन्हा ओढत. रोज सकाळी माझा फोन वाजायचा. "मॅडम, मी आंघोळीला चाललेय. अर्ध्या तासात माझा फोन आला नाही तर या." आणि थोड्या वेळाने पुन्हा फोन. "झाली." एवढंच. पहिले काही दिवस मला हसू यायचं. मग त्या "झाली"ची सवय लागली. तो यायला उशीर झाला की माझंच हातातलं काम थांबायचं.

एकदा मी त्यांना चिडवलं, की इतकं भिऊन माणूस जगतो कसा? त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "भिणं म्हणजे ताप, मॅडम. ताप हा काही रोग नसतो. आत काहीतरी बिघडलंय हे सांगायला येतो तो. नुसती गोळी देऊन उतरवला की पेशंट हातचा जातो." मग म्हणाल्या, "तुम्ही कुकरकडे बघता तेव्हा तुम्हाला डाळभात दिसतो. मला कॅज्युअल्टीचं दार दिसतं. त्या दारातून काय काय आत आलेलं मी बघितलंय. प्रेसखाली गेलेले हात. भाजलेल्या सुना, आणि त्यांच्या शेजारी उभे राहून 'स्टोव्हचा भडका झाला' म्हणणारे लोक. तुम्ही ते बघितलं असतं तर तुम्हीपण कडी ओढून बघितली असती."

पामाची गोष्ट अशीच एका भीतीतून सुरू झाली. पलीकडच्या गल्लीत भरदुपारी चोरी झाली. चोर मागच्या भिंतीवरून आला होता. सिस्टरांच्या झोपायच्या खोलीची खिडकी त्याच बाजूला. भिंत वाढवायला सोसायटी तयार होईना, म्हणून त्यांनी खिडकीखाली अरेका पामाच्या कुंड्या ओळीने मांडल्या. डिसेंबरात नदीवरून मोकळ्या मळ्यातून जो गार वारा सुटला, त्यात त्यांची पानं करपल्यासारखी तपकिरी झाली. संक्रांतीपर्यंत नुसत्या काड्या उरल्या.

मग मी माझ्या गाडीतून त्यांना तळवड्याच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीत घेऊन गेले. नर्सरीवाला बिहारचा. सिस्टरांनी त्याला विचारलं, "थंडीत मरणार नाही, माणूस शिरणार नाही आणि साप लपणार नाही, असं काय आहे तुमच्याकडे?" त्याने बोगनवेल दाखवली. तिला बांधत बसावं लागतं, नको. निवडुंग दाखवला. नको. शेवटी तो आम्हाला पार कोपऱ्यात घेऊन गेला. तिथे कापलेल्या ड्रमात कमरेएवढा एक झुडपासारखा पाम होता. एकाच मुळातून चार-पाच बुंधे फुटलेले, आणि हातपंख्यासारखी, निळसर झाक असलेली कडक पानं.

"ये पहाड़ के बंगलेवाले ले जाते हैं, सिस्टरजी. ऊपर बर्फ गिर जाए, तो भी कुछ नहीं होता. बस पानी में पैर मत भिगवाना इसके."

सिस्टरांनी एका पानाचा देठ धरला आणि झटकन हात मागे घेतला. देठाला दोन्ही कडांनी करवतीसारखे काटे होते. बोटावर रक्ताचा थेंब आला. त्यांनी तो नीट निरखून बघितला आणि समाधानाने म्हणाल्या, "हाच द्या."

लावायच्या दिवशी त्या खड्डा घ्यायला लागल्या, तर भिंतीपलीकडून तात्या ओरडले, "बाई, खड्डा नका घेऊ! काळी माती हाय आपली. पावसात त्याची हीर व्हती. वर उचला त्याला, वर!" तेव्हा मुरूम, वाळू आणि शेणखत घालून गुडघ्याएवढा उंचवटा केला आणि त्यावर पाम बसवला. तात्या भिंतीला टेकून बघत राहिले. "ह्यो ताड न्हाई, माड न्हाई, शिंदी बी न्हाई. ताडी याची न्हाई, नारळ याचा न्हाई. मग लावायचा कशापायी?"

"चोरासाठी, तात्या."

"मंग चोराला सांगा पानी घालाया."

पहिलं वर्षभर पाम जागचा हलला नाही. सिस्टर रोज जाऊन बघत, वॉर्डात राउंड घेतात तसं. दुसऱ्या वर्षी बुंध्याशी फुटवे आले, आणि मग तो आडवा पसरत गेला. खिडकीची खालची अर्धी बाजू त्याने झाकली. सापाच्या भीतीने त्यांचा एक नियम होता. जमिनीलगतची पानं छाटायची, म्हणजे बुंध्याशी झाडू फिरला पाहिजे आणि पलीकडचं दिसलं पाहिजे. छाटायला बसत तेव्हा कोपरापर्यंत चामडी हातमोजे, डोळ्यांना मिस्टरांचा कारखान्यातला जुना गॉगल आणि हातात लांब दांड्यांची मोठी कात्री. पोरांचा बॉल त्यात गेला की त्याच वेशात जाऊन त्या तो काढून देत. कुणी स्वतःच हात घातलेला असला तर आधी ओरखड्यावर औषध लावत. "ओरडायचं असेल तर ओरड, हात मात्र हलवू नकोस."

त्यांची मुलगी प्रज्ञा चाकणला दिली होती. जावई अमोल तिथल्याच एका कंपनीत सुपरवायझर. स्थळ बघताना सिस्टरांनी चौकशीत काही बाकी ठेवलं नव्हतं. त्याच्या गल्लीतल्या किराणा दुकानदारापासून ते पानवाल्यापर्यंत सगळ्यांना विचारून आल्या होत्या. दारू नाही, तंबाखू नाही. आमच्याकडे यायचा तेव्हा वाकून नमस्कार करायचा आणि बोलायचा इतकं हळू, की कान द्यावा लागायचा. मला तो आवडला होता. सगळ्यांनाच आवडायचा.

एका पावसाळ्यात आठवडाभर पावसाने उसंत दिली नाही. मळ्यातलं पाणी भिंतीखालून आत आलं आणि पामाचा उंचवटासुद्धा भिजून लगदा झाला. उघडीप मिळाल्यावर सिस्टरांनी मला हाक मारली. सगळ्यात मोठ्या बुंध्याचं मधलं, अजून न उलगडलेलं सुईसारखं पान पिवळं पडलं होतं. त्यांनी ते दोन बोटांनी अलगद ओढलं आणि ते आख्खं हातात आलं. खालचं टोक तपकिरी, कुजलेलं, घाण वास येणारं. पामाला फांद्या नसतात. बुंध्याचा जीव तेवढ्या एका कोंबात असतो.

"पायाला पाणी लागलं," त्या म्हणाल्या. "बर्फात मरत नाही आणि इथे चिखलात मरतो." आत जाऊन त्यांनी जखमा धुवायच्या हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली आणली आणि त्या भोकात ओतली. बुडबुडे येऊन पांढरा फेस वर आला. "फेस येतोय म्हणजे आत घाण आहे. येऊ दे."

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. हातात मोजे होते, म्हणून त्यांनी मला तो स्पीकरवर लावून धरायला सांगितलं. प्रज्ञा होती.

"मम्मी, काही नाही, सहज केला. बाथरूममध्ये पाय घसरला गं. हाताला प्लास्टर घातलंय. काळजी करू नकोस."

सिस्टरांचा आवाज बदलला. मी तो आवाज पूर्वी कधी ऐकला नव्हता. तो ड्युटीवरचा आवाज होता.

"कुठला हात?"

"डावा."

"मनगट मोडलंय?"

"नाही, थोडं वर. मधोमध."

"पडताना हात टेकवलास?"

"हो."

"अमोल जवळ आहे?"

"हो, इथेच बसलेत."

"बरं. प्लास्टर भिजवू नकोस. बोटं हलवत राहा."

फोन बंद झाला. पामाच्या बुंध्यात फेस अजून फसफसत होता. सिस्टरांनी मोजे काढले, एकावर एक नीट ठेवले आणि म्हणाल्या, "घसरून पडतो तो माणूस हात टेकतो, मॅडम. त्याचं मनगट मोडतं. मनगट आणि कोपराच्या मधलं हाड मोडतं ते असं केल्यावर." आणि त्यांनी डावा हात कोपरात वाकवून चेहऱ्यापुढे आडवा धरला. कुणी मारायला आलं की आपण धरतो तसा.

मग त्या उंचवट्याच्या कडेवर, ओल्या मातीतच बसल्या. "घसरून पडले, जिन्यावरून पडले. सगळी नोकरी हेच ऐकत आले. मला फार भीती वाटतेय. तुम्ही उद्या गाडी काढाल का?"

दुसऱ्या दिवशी अमोलची फर्स्ट शिफ्ट होती. तो कामावर असेल अशा वेळी आम्ही चाकणला पोचलो. एरवी ट्रेलर दिसला की डोळे मिटणाऱ्या सिस्टर त्या दिवशी पूर्ण रस्ता डोळे उघडे ठेवून बसल्या होत्या, फक्त उजवा हात डॅशबोर्डवर घट्ट टेकवलेला. घरी प्रज्ञाच्या सासूबाई होत्या. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा ठेवला. प्रज्ञा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आईकडे ती बघतच नव्हती.

"नजर लागली हो पोरीला," सासूबाई म्हणाल्या.

"लागली असेल," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी बशी खाली ठेवली आणि कप दोन्ही हातांत धरला. "आमच्या ओळखीचे हाडांचे डॉक्टर आहेत. एकदा दाखवून आणते. प्रज्ञा, चप्पल घाल."

"मम्मी, ह्यांना विचारून—"

"मी बोललेय त्यांच्याशी. एक्स-रे घे बरोबर."

सासूबाई उठल्या. "अमोल मला काही बोलला नाही. थांबा, फोन लावते." त्यांनी फोन लावला. रिंग वाजत राहिली. कारखान्याच्या शॉप फ्लोअरवर मोबाइल जवळ ठेवू देत नाहीत, हे सिस्टरांना मिस्टरांमुळे ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं. सिस्टरांनी उरलेला चहा शांतपणे संपवला, "येतो हं" म्हणाल्या, मुलीचा चांगला हात धरला आणि जिना उतरायला लागल्या.

मोशी आल्यावर मागच्या सीटवरून प्रज्ञा म्हणाली, "मम्मी, तू बोलली नव्हतीस ना त्यांच्याशी?"

"नाही. मागे बघ जरा, कुणाची गाडी लागलीय का."

प्रज्ञाने मागे बघितलं आणि तिथेच तिचा बांध फुटला. रडता रडता ती जे सांगत होती ते मी इथे लिहीत नाही. ते काही पहिल्यांदा झालेलं नव्हतं, एवढंच.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. अमोल फोन करायचा तो अगदी मऊ आवाजात. "मम्मी, गैरसमज झालाय. तिला पाठवा." फोन घेणं बंद केलं तेव्हा तो येऊन समोरच्या रिकाम्या प्लॉटपाशी मोटरसायकल लावून उभा राहायला लागला. हेल्मेट घातलेलं, काच खाली ओढलेली. करायचा काहीच नाही. नुसता बघत थांबायचा आणि निघून जायचा. कधी शिफ्ट सुटल्यावर, कधी सुट्टीच्या दिवशी. मोटरसायकल कुणाचीही असो, आवाज आला की प्रज्ञा हातातलं टाकून आतल्या खोलीत जायची. सिस्टरांनी चौकीत तक्रार दिली. तिथला माणूस म्हणाला, घरातली भांडणं घरात मिटवा. त्या पुन्हा गेल्या, एक्स-रे घेऊन, आणि हाड असं का मोडतं ते त्यांनी तिथेही हात धरून दाखवलं. या वेळी खुर्चीवर एक महिला पोलीस होती. तिने उठून तक्रार लिहून घेतली.

आमच्या गल्लीत आता सिस्टरांच्या भित्रेपणावर कुणी विनोद करत नव्हतं. आम्ही सगळेच कुलपं ओढून बघत होतो. सिस्टरांनी दुसरी शिट्टी आणून प्रज्ञाच्या गळ्यात घातली. पामाचा कुजलेला बुंधा त्यांनी तळाशी कापून टाकला. बाकीचे बुंधे वाचले होते.

दिवाळी नुकतीच झाली होती. दुपारची वेळ. मी माझ्या ओट्यावर पेपर तपासत बसले होते आणि सिस्टर त्यांच्या घराच्या मागे पामाची वाळकी पानं छाटत होत्या. हातमोजे, गॉगल, कात्री, सगळं नेहमीचं. गेटची कडी वाजली. वर बघितलं तर अमोल आत आला होता. ना हेल्मेट, ना मोटरसायकलचा आवाज. गाडी दूर कुठेतरी लावून चालत आला असणार. हातात मिठाईचा बॉक्स.

सिस्टरांची सगळी तयारी मागच्या भिंतीकडून होती. तो सरळ समोरच्या गेटातून आला.

त्या जवळजवळ पळतच येऊन दारापुढे उभ्या राहिल्या. कात्री हातातच राहिली होती.

"दिवाळीचं घेऊन आलोय, मम्मी," तो म्हणाला. "प्रज्ञाला बोलवा."

"ती येणार नाही."

"तिच्या तोंडून ऐकतो ना. मग जातो." तो एक पायरी चढला. आवाज तसाच मऊ. "मम्मी, बाजूला व्हा."

त्या हलल्या नाहीत. त्याने मागे वळून मला बघितलं, हसला, आणि पुन्हा त्यांच्याकडे वळला तेव्हा तो आवाज राहिला नव्हता. "हो बाजूला, म्हातारे."

मी मधल्या कट्ट्यावरून त्यांच्या अंगणात उतरले होते. पण तिथेच थांबले. मला ऐकू येत होती ती कात्री. सिस्टरांचे हात इतके थरथरत होते, की पाती एकमेकांवर आपटून कट-कट-कट वाजत होती. गॉगलच्या काचांवर आतून वाफ धरली होती.

"अमोल," त्या म्हणाल्या. आवाज चिरका निघाला. "मी आत्ता फार घाबरलेय. माझे हात माझ्या ताब्यात नाहीत. मला नीट दिसतही नाहीये. तू पुढे आलास तर काय होईल ते मला सांगता येणार नाही. म्हणून तू मागे हो. हे मी तुझ्या भल्यासाठी सांगतेय."

तो हसायला गेला. पण त्याची नजर पात्यांवर होती. धमकी असती तर त्याने उलट उत्तर दिलं असतं. ही धमकी नव्हती. समोरचं माणूस खरं सांगतंय हे त्याला दिसत होतं.

त्याच वेळी घरातून शिट्टी वाजायला लागली. प्रज्ञा खिडकीशी उभी राहून, श्वास संपेपर्यंत एकेक फुंकर मारत होती. गल्लीतली दारं उघडली. मळ्यातून तात्या हातातलं खुरपं तसंच घेऊन भिंत ओलांडून आले. "कोन हाय रं त्यो?" अमोल पायरी उतरला. बॉक्स त्याने कुंपणाच्या भिंतीवर ठेवला, "बघून घेईन," म्हणाला, आणि पळाला नाही, चालतच गेला.

सिस्टरांच्या मुठी सुटेनात. मला त्यांचं एकेक बोट उलगडून कात्री काढून घ्यावी लागली. मग त्या पायरीच्या कडेला वाकल्या आणि त्यांना उलटी झाली. तात्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"बाई, तुमी तर वाघीन निघाला."

"नाही हो, तात्या." त्यांनी चूळ भरली. "वाघीण असते तर हात थरथरले असते का? मी नुसती घाबरले होते. आणि मागे सरकायला जागा नव्हती, दार होतं."

त्या दिवशीची तक्रार सगळ्या गल्लीने मिळून दिली. त्यानंतर अमोल आमच्याकडे आला नाही. कोर्टात पुष्कळ दिवस गेले आणि शेवटी घटस्फोट मिळून प्रज्ञा सुटली. तिला तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये एका ऑफिसात नोकरी लागली. पण भीती काही निकालपत्र वाचून जात नाही. सिस्टर रोज सकाळी तिला बस स्टॉपवर सोडायला जायच्या आणि संध्याकाळी तिथेच जाऊन उभ्या राहायच्या. ऑफिसात पोचली की फोन, जेवली की फोन. एका संध्याकाळी आमच्या मधल्या भिंतीपलीकडून प्रज्ञाचा आवाज चढलेला ऐकला. "मम्मी, बास कर! त्याच्यापेक्षा तू मला जास्त घाबरवतेस!"

जरा वेळाने सिस्टर आमच्याकडे येऊन बसल्या. म्हणाल्या, "बरोबर बोलली ती. माझा ताप मी तिला चढवला."

दुसऱ्या दिवसापासून त्या फक्त गेटपर्यंत जायला लागल्या. प्रज्ञा वळणाआड गेली तरी त्या तिथेच उभ्या असायच्या, गेटचा गज दोन्ही हातांनी धरून. पण पुढे पाऊल टाकायच्या नाहीत. पाल दिसल्यावर न ओरडणं जसं त्यांना जमलं नसतं, तसंच हेही जमणार नाही असं मला वाटलं होतं. त्यांनी जमवलं.

मग तळवड्याला प्रज्ञाच्या ऑफिसजवळ फ्लॅट घ्यायचं ठरलं. मी विचारलं, पामाचा एखादा फुटवा नेताय का? त्या म्हणाल्या, "वरच्या मजल्यावर कोण चढून येणार आहे?" नव्या मालकांना त्यांनी सगळं समजावून दिलं. पायाला पाणी साचू द्यायचं नाही. खालची पानं छाटायची. मोज्यांशिवाय हात लावायचा नाही. ते लोक ऐकणारे निघाले. आता तो पाम पूर्ण खिडकी झाकून वर गेलाय. गेल्या थंडीत सगळ्या गल्लीतल्या कुंड्या करपल्या, त्याचं पानही हललं नाही.

सिस्टर पुढच्याच वर्षी गेल्या. दुपारी झोपल्या होत्या त्या उठल्याच नाहीत. मी तेव्हा परगावी होते, मला कळेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. त्यामुळे माझ्याकडे त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते त्या घर सोडून निघाल्या तेव्हाचं.

सामान पुढे गेलं होतं. प्रज्ञाने नवीन स्कूटर घेतली होती, आणि आईला मी मागे बसवूनच नेणार असा तिचा हट्ट होता. सिस्टर जन्मात कधी दुचाकीवर बसल्या नव्हत्या. मिस्टर दुचाकीच्या कारखान्यात असूनसुद्धा. त्यांनी टायर दाबून बघितले. ब्रेक दाबून बघितला. आधी एका बाजूला पाय सोडून बसल्या, मग उतरल्या. "कडेला बसलेल्या बायका पडतात, मी बघितल्यात." साडी वर खोचून, दोन्हीकडे पाय टाकून पुन्हा बसल्या. हेल्मेटचा पट्टा मला ओढून बघायला लावला. मग त्यांनी दोन्ही हातांनी मुलीच्या कमरेला मिठी मारली, हेल्मेट तिच्या पाठीला टेकवलं आणि डोळे गच्च मिटून घेतले.

"येतो, मॅडम," त्या म्हणाल्या. डोळे मिटलेलेच.

स्कूटर निघाली. रिकाम्या प्लॉटवरून पुढे, वळणाशी पोचल्यावर प्रज्ञाने न बघताच मला टाटा करायला एक हात वर केला, आणि गल्लीच्या त्या टोकाकडून सिस्टरांचं ओरडणं इथपर्यंत ऐकू आलं, "हात! हँडलवर ठेव हात!" आणि त्याच्यावर प्रज्ञाचं मोठ्याने हसणं. मग दोघी वळून दिसेनाशा झाल्या.